‘प्रे अ‍ॅज यू गो’ : दिवसाच्या हिशेबात आपल्या कामालाही जागा देणारे अ‍ॅप

ब्रिटनमधील जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाच्या, धर्मगुरूंनी २००६ च्या प्रायश्चित्तकाळात (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात) सुरू केलेली ‘प्रे अ‍ॅज यू गो’ ही ध्वनिप्रार्थनेची सेवा मुळात कामावर जाणाऱ्या माणसांसाठी होती. गाडीत बसल्या बसल्या किंवा पायी चालताना कानाला लावून ऐकता यावी अशी दहा ते तेरा मिनिटांची प्रार्थना, तीत थोडे संगीत, दिवसाचा शास्त्रभाग आणि त्यावरचे काही प्रश्न, असे तिचे स्वरूप होते आणि आजही बहुतांशी तसेच आहे. आता ती संकेतस्थळावर आणि मोबाईलच्या अ‍ॅपवर मिळते. बहुतेक श्रोते दैनिक शास्त्रभागासाठी या सेवेकडे येतात. या परीक्षणात मी तिच्या एका कोपऱ्याविषयी, ‘एक्झॅमेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिवसअखेरच्या आत्मपरीक्षणाविषयी, अधिक लिहिणार आहे. आणि तेही एका ठरावीक प्रश्नाला धरून. आपल्या हातून झालेल्या चांगल्या कामाकडे ख्रिस्ती माणसाने सरळ नजरेने कसे पाहावे, हे या साधनातून शिकता येते काय, असा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न मुळात का पडावा, हे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत वाढलेल्या वाचकाला फारसे समजावून सांगावे लागणार नाही. प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस नोकरी लागल्याचे सांगतो, घर बांधून झाल्याचे सांगतो, मुलगी परिचारिका झाल्याचे सांगतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याचा कर्ता देव असतो. त्या नोकरीसाठी त्याने रात्री जागून अभ्यास केला, त्या घरासाठी त्याच्या पत्नीने वर्षानुवर्षे शिलाईकाम केले, या गोष्टी साक्षीत येत नाहीत. चुकून आल्याच तर तो लगेच वाक्य सावरून घेतो. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. दर वर्षी भरायच्या स्वयंमूल्यमापनाच्या अर्जात ‘उल्लेखनीय कार्य’ असा एक रकाना असतो, आणि एरवी वर्गात चोख काम करणारे आमच्यातले कितीतरी शिक्षक नेमके त्या रकान्यापाशी येऊन अडतात. कोणी ‘निरंक’ लिहून मोकळे होते, तर कोणी शाळेने घेतलेल्या कार्यक्रमांची यादी तेथे उतरवून काढते.

‘सगळी देवाची कृपा’ हे उत्तर खोटे नाही. अडचण एवढीच की ते फार लवकर दिले जाते. कृपेने नेमके काय घडवले, कोणाच्या हातून घडवले आणि त्या हातांना किती कष्ट पडले, हे पाहण्याच्या आधीच विषय मिटतो. कौतुक असे दारातूनच परत पाठवण्याची सवय जडली की माणूस आपल्या कामाकडे पाहणेच सोडून देतो. आणि ज्या कामाकडे कधी पाहिलेच नाही, त्याबद्दल देवाचे उपकार तरी कसे मानणार? दिवसातून एकदा थांबून पाहायला लावील असे साधन मला हवे होते. त्या अपेक्षेने मी हे अ‍ॅप वापरू लागले आणि पुढील मतेही त्याच अपेक्षेच्या कसोटीवर आहेत.

एक्झॅमेनचा उगम येशूसंघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत आहे. १४९१ च्या सुमारास बास्क प्रदेशात जन्मलेला हा सरदारपुत्र कीर्तीच्या मागे लागलेला होता, असे त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडून असताना त्याच्या ध्यानात आले की, दरबारातील पराक्रमाची स्वप्ने रंगवत राहिले की तेवढ्यापुरते बरे वाटते आणि मग मन कोरडे पडते. उलट ख्रिस्ताचे व संतांचे जीवन डोळ्यांपुढे आणले की त्याचे समाधान मागे उरते. मनातील या चढउतारांची नोंद ठेवण्यातून पुढची सगळी पद्धत उभी राहिली आणि १५४८ मध्ये पुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांची मान्यता मिळाली. कीर्तीची भूक काय असते हे स्वतः अनुभवलेल्या माणसाची ही पद्धत आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. केलेल्या कामाचा आनंद आणि वाहवा मिळवण्याची हाव यांत फरक करता येतो, हे तिच्या जन्मकथेतच आहे.

पुस्तिकेत आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे दिले आहेत. मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानणे हा पहिला. त्यानंतर आपली पापे ओळखण्यासाठी कृपा मागायची, उठल्यापासूनचा दिवस तासातासाने नजरेखालून घालून विचार, शब्द आणि कृती यांचा हिशेब घ्यायचा, क्षमा मागायची आणि सुधारण्याचा निश्चय करायचा. पाचांपैकी चार टप्पे पापाभोवती फिरतात हे उघड आहे, आणि त्यामुळे दीर्घ काळ एक्झॅमेन म्हणजे चुकांची मोजदाद असाच समज राहिला. १९७२ मध्ये जॉर्ज अ‍ॅशेनब्रेनर या अमेरिकन जेझुइट धर्मगुरूंच्या एका लेखाने हा भर हलवला: दिवसभरात देव आपल्याला कोठे ओढत होता आणि आपण त्याला कसा प्रतिसाद दिला, ही जाणीव त्यांनी मध्यभागी आणली. या अ‍ॅपवरील एक्झॅमेन त्याच वळणाचे आहे. पापाची कबुली त्यात आहे, पण ती सगळी जागा व्यापत नाही.

मूळ पुस्तिकेत याहून वेगळी आणखी एक पद्धत आहे आणि तिच्याकडे हल्ली फार थोड्यांचे लक्ष जाते. एकच दोष निवडायचा. प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढायच्या. दुपारी एकीवर आणि रात्री दुसरीवर, तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके मांडायचे. आणि मग सकाळपेक्षा संध्याकाळी, कालपेक्षा आज, गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात ठिपके कमी झाले काय, हे पाहायचे. कमी झालेले ठिपके पाहणे हा येथे साधनेचाच भाग आहे. आपली सुधारणा डोळ्यांनी पाहून घेण्याचा संकोच इग्नाशियसला वाटला नाही. आपल्याकडे मात्र वर्गातल्या मुलाची प्रगतिपुस्तके आपण आवडीने भरतो आणि स्वतःच्या प्रगतीचा विषय निघाला की खाली पाहतो.

आता प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाकडे वळते. एक्झॅमेनमध्ये बोलणारा आवाज संथ आहे आणि उपदेशाचा सूर त्याला नाही. आधी स्थिर बसायला आणि देवाच्या सान्निध्याची जाणीव ठेवायला सांगितले जाते. मग दिवसातल्या कोणत्या गोष्टीबद्दल कृतज्ञ वाटते असा प्रश्न येतो. त्यानंतर दिवस पुन्हा एकदा मनातून जाऊ द्यायचा, कोठे उभारी वाटली आणि कोठे मन खचले ते पाहायचे. शेवटी उणे राहिले त्याबद्दल क्षमा आणि उद्यासाठी मागणे. प्रत्येक प्रश्नानंतर शांतता सोडलेली आहे. प्रश्न विचारून गप्प बसणे हे फार थोड्या धार्मिक ध्वनिफितींना जमते. आपल्याकडील बहुतेक ध्वनिमुद्रित मननांत वक्ता स्वतःच उत्तरे देऊन टाकतो आणि ऐकणाऱ्याला ‘आमेन’ म्हणण्यापलीकडे काम उरत नाही. ही शांतता माझ्या मते थोडी अपुरी आहे. दिवसातला एखादा प्रसंग आठवून त्यात आपण नेमके काय केले हे नीट पाहायचे तर ध्वनिफीत मध्येच थांबवावी लागते. थांबवावी, त्याने प्रार्थनेचा काही भंग होत नाही.

या साधनाचे खरे बळ तपशिलाचा आग्रह धरण्यात आहे. ‘आजच्या दिवसासाठी आभार’ एवढ्यावर ते थांबू देत नाही. कोणता क्षण, कोणती व्यक्ती, कोणते काम, असे विचारत ते खाली उतरवत नेते. आणि इतक्या खाली उतरले की आपले स्वतःचे काम अपरिहार्यपणे दिसू लागते. जोडाक्षरे आली की अडणाऱ्या मुलाने आज सबंध परिच्छेद न थांबता वाचला, याबद्दल आभार मानायला बसावे, तर तो मुलगा एकाएकी वाचू लागला नाही हेही आठवतेच: त्याच्यासाठी शब्दपट्ट्या कोणी केल्या, मधल्या सुट्टीत त्याला जवळ कोणी बसवले, तो चिडला तेव्हा आवाज न चढवता कोण थांबले. हे सगळे आभारांच्या आतच सापडते. त्यासाठी वेगळे आत्मकौतुक करावे लागत नाही. देवाचे उपकार बारकाईने आठवणे आणि आपले श्रम खरेपणाने पाहणे या दोन कृती एकमेकींच्या आड येतात, अशी जी भीती आपल्याला घातलेली असते, ती या साधनेच्या वापरात हळूहळू निवळते.

तरीही येथे एक उणीव आहे आणि ती आपल्यासारख्या श्रोत्यांना अधिक जाणवेल. प्रश्नांचा कल मिळालेल्या गोष्टींकडे आहे. सूर्योदय, मित्राचा फोन, भाजीवाल्याची थट्टा, अशा गोष्टींची उत्तरे त्यांना सहज मिळतात. ‘आज तुझ्या हातून काय चांगले झाले’ असे थेट विचारले जात नाही. ज्या समाजात माणसे आपल्या यशाविषयी मोकळेपणाने बोलतात, तेथे हा प्रश्न न विचारलेलाच बरा असेल. आमच्या मंडळ्यांतल्या माणसाला मात्र एवढी पळवाट पुरते: तो वाऱ्याबद्दल आणि पावसाबद्दल आभार मानून स्वतःच्या कामाला वळसा घालून पुढे निघून जातो. म्हणून एक्झॅमेन ऐकताना कृतज्ञतेच्या टप्प्यावर हा एक प्रश्न आपण आपल्या पदरचा घालावा, असे मी सुचवीन.

त्याला शास्त्राचा आधार आहे काय, असे कोणी विचारील. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातील ‘आम्ही निरुपयोगी दास आहोत’ हे शब्द आम्हाला पाठ असतात. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला धनी परत येतो तेव्हा हिशेब घेतो आणि ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’ असे म्हणतो. तेथे दासाने ‘छे छे, मी काहीच केले नाही’ असे उत्तर दिल्याची नोंद नाही. त्याने आधीच सरळ सांगितलेले असते की तुम्ही इतके दिले होते, त्यावर मी इतके मिळवले. दिलेले आणि मिळवलेले असे दोन्ही आकडे त्याच्या एकाच वाक्यात आहेत. त्या दाखल्यात फजिती होते ती आपल्या वाट्याचे जमिनीत पुरून ठेवणाऱ्याची, आणि तो तसे का करतो याचे कारण तो स्वतःच देतो: भीती. पौलाचेही असेच आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, आपण जे काही आहोत ते देवाच्या कृपेने आहोत असे म्हणून तो थांबत नाही; इतर सर्व प्रेषितांहून आपण अधिक श्रम केले हेही तो त्याच दमात सांगतो आणि मग ते श्रम पुन्हा कृपेच्या पदरात टाकतो. गलतीकरांस पत्रात तर प्रत्येकाने आपले काम तपासावे, म्हणजे दुसऱ्याशी तुलना न करता स्वतःपुरता अभिमान बाळगायला जागा मिळेल, असा सल्लाच आहे. दिवसअखेरीस केलेले काम पाहून ते चांगले आहे असे म्हणणारा पहिला तर उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात भेटतो.

मी प्रोटेस्टंट मंडळीत वाढले, त्यामुळे कॅथलिक साधनेबद्दलची एक शंका मला ओळखीची आहे: कामाचा हिशेब मांडत बसलो तर तारण कृपेने आहे, कर्मांनी नव्हे, या शिकवणीला धक्का लागत नाही काय? इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे व नववे वचन आपण यासाठी नेहमी पुढे करतो. त्याच्या पुढचे दहावे वचन मात्र क्वचित वाचले जाते, आणि त्यात आपण देवाची कृती आहोत व सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण केलेले आहोत असे म्हटले आहे. तारण कमावण्यासाठी केलेला हिशेब आणि तारण मिळालेल्याने कृतज्ञतेने घेतलेला हिशेब एक नव्हेत. कॅथलिक परंपरेतही याविषयी गोंधळ नाही. तेराव्या शतकात थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी पोकळ कीर्तीच्या मोहाची चर्चा करताना, आपल्या ठायी असलेले चांगले ओळखणे आणि त्याला मान्यता देणे यात पाप नाही, असे स्पष्ट म्हटले. कीर्ती पोकळ ठरते ती तीन वाटांनी: ती टाकाऊ गोष्टीसाठी असली तर, ज्यांच्या मताला किंमत नाही अशांकडून ती हवी असली तर, किंवा देवाचा गौरव आणि शेजाऱ्याचे कल्याण यांच्याशी तिचा काही संबंध नसला तर. स्वयंमूल्यमापनाचा अर्ज भरताना ही तीन प्रश्नांची चाळण मी मनाशी लावून पाहते, आणि बहुतेक वेळा ‘निरंक’ लिहिण्याचे कारण उरत नाही. सोळाव्या शतकातील आविलाच्या तेरेसा यांनी तर नम्रता म्हणजे सत्यात चालणे असे लिहून ठेवले आहे. झालेले काम झाले नाही असे सांगणे त्या व्याख्येत बसत नाही.

अ‍ॅपच्या दैनिक प्रार्थनेविषयी थोडक्यात सांगते. शास्त्रभाग बहुधा कॅथलिक उपासनेच्या त्या दिवसाच्या पाठांतून घेतलेला असतो, तो दोनदा वाचला जातो, आणि पहिल्या व दुसऱ्या वाचनाच्या मध्ये प्रश्न येतात. दुसऱ्यांदा ऐकताना तोच भाग वेगळा लागतो, ही योजना चांगली आहे. संगीताची निवड व्यापक आहे. प्राचीन ग्रेगोरियन गायनापासून फ्रान्समधील तैजे या मठातील साध्या आवर्तनांपर्यंत बरेच काही कानावर पडते. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने ही दैनिक प्रार्थना एक्झॅमेनइतकी उपयोगी नाही, कारण तिचा आरंभ शास्त्रभागापासून होतो, आपल्या दिवसापासून नव्हे.

येथे ‘यूव्हर्जन’ या अधिक प्रसिद्ध बायबल अ‍ॅपशी तुलना करणे योग्य होईल, विशेषतः त्यात मराठी पवित्र शास्त्र उपलब्ध असल्यामुळे. २००८ पासून चालू असलेल्या त्या अ‍ॅपमध्ये आपण सलग किती दिवस आलो याची मोजणी दिसते आणि वाचन-योजना पुऱ्या केल्याबद्दल बिल्ले मिळतात. नेमाने वाचायची सवय लागण्यासाठी त्याचा उपयोग होतो हे नाकारता येणार नाही, आणि मी ते अ‍ॅप काढून टाकलेले नाही. पण बिल्ला हे दुसऱ्याने ठरवलेल्या मापाने मोजलेले यश आहे. दिवस मोडला की आकडा शून्यावर येतो आणि मधल्या काळात तुम्ही आजारी आईची शुश्रूषा करत होता काय, याची त्याला खबर नसते. एक्झॅमेनला त्या शुश्रूषेतच रस असतो. मी दोन्ही अ‍ॅप जोडीने वापरते: शास्त्रभाग मराठीतून वाचून घ्यायचा आणि मग इंग्रजी ध्वनिफीत लावायची. इंग्रजी उच्चार ब्रिटिश वळणाचे असल्याने ज्यांना ते पकडायला जड जाते त्यांना या क्रमाचा विशेष फायदा होईल.

भाषेचा मुद्दा येथे संपत नाही. अ‍ॅप इंग्रजीत आहे, आणि ज्या माणसांना या साधनेची सर्वाधिक गरज आहे अशी माझ्या ओळखीची निम्मी माणसे केवळ त्यामुळे तिच्यापासून दूर राहतात. याच येशूसंघाचा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला, येथली भाषा शिकला आणि त्याने रचलेले ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. एका इंग्रज जेझुइटाने एवढे कष्ट चारशे वर्षांपूर्वी घेतले असतील, तर काही मिनिटांच्या ध्वनिफितीचे मराठीकरण आज अवघड ठरू नये. आणि ते काम लंडनहून होण्याची वाट पाहण्यापेक्षा वसई, पुणे किंवा गोवा येथील कोणी अंगावर घेतलेले बरे.

तोपर्यंत आमच्या महिला प्रार्थनासभेत आम्ही एक साधी व्यवस्था केली आहे. एकजण टप्पे मराठीतून वाचते, प्रत्येक टप्प्यानंतर सगळ्या गप्प बसतात, आणि शेवटी ज्यांना बोलायचे असेल त्या बोलतात. आपले काम सांगण्याचा प्रश्न प्रथम घातला तेव्हा सभा अवघडली. मग एका वयस्क शेतकरी बाईंनी हंगामाच्या सणाची आठवण काढली. त्या दिवशी ज्वारीची कणसे, भाजी, अंडी, कोंबड्या असे सगळे मंदिरात आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. आपल्या शेतातले सर्वांत भरलेले कणीस निवडून आणताना आम्हाला लाज वाटत नाही, उलट ते लोकांना दिसेल असे पुढे ठेवतो, आणि तरी ते देवाचे म्हणूनच ठेवतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यानंतर उत्तरे येऊ लागली. एकीने सासूच्या औषधांचे वेळापत्रक दीर्घ काळ न चुकता सांभाळल्याचे सांगितले. एकीने बचतगटाचे हिशेब पैशापैशाने जुळवल्याचे. साक्षीच्या वेळी या गोष्टी कधीच ऐकायला मिळाल्या नव्हत्या.

आमच्या परंपरेत या मोकळेपणाचा नमुना नाही असेही नाही. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नानंतर पतीने अक्षरओळख करून दिली, आणि नारायण वामन टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे नेले. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या स्वतःची फजिती जितक्या खुशीने सांगतात तितक्याच खुशीने स्वतःला जमलेल्या गोष्टीही सांगतात, कोठे बढाई नाही आणि कोठे खोटा संकोचही नाही. एक्झॅमेन ज्या दिशेने न्यायला पाहते तेथे ही बाई कोणत्याही अ‍ॅपशिवाय पोहोचलेली दिसते.

हे साधन कोणासाठी नाही, तेही सांगायला हवे. ज्यांना अपराधीपणाची भावना सतत छळते आणि कितीही क्षमा मागितली तरी जी सुटत नाही, त्यांनी रोजचे आत्मपरीक्षण एकट्याने सुरू करू नये. स्वतः इग्नाशियस स्पेनमधील मान्रेसा येथे असताना अशाच शंकाकुशंकांनी इतका ग्रासला होता की जीव देण्याचे विचार त्याच्या मनात येत. पुस्तिकेतील साधना मार्गदर्शकाच्या सोबतीने करायची आहे, हे अ‍ॅपच्या सोयीमुळे विसरायला होते. अशा माणसाने आपल्या पाळकांशी, फादरांशी किंवा सिस्टरांशी आधी बोलावे आणि मन खचण्याचे लक्षण दीर्घकाळ टिकले तर डॉक्टरांकडे जावे. पाच टप्पे त्यानंतरही तेथेच असतील. दुसऱ्या टोकाला, ज्यांना आपल्या कर्तृत्वाविषयी बोलायला एरवीच आवडते, त्यांनी माझा जोडप्रश्न वगळून मूळ प्रश्नच वापरावेत.

सेवा विनामूल्य आहे आणि देणग्यांवर चालते, तेव्हा ज्यांना परवडते त्यांनी वापर सुरू झाल्यावर काही पाठवावे हे रास्त. ध्वनिफिती उतरवून ठेवता येत असल्याने नेट कमकुवत असलेल्या गावांतही अडचण येत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने दैनिक प्रार्थना बाजूला ठेवून थेट एक्झॅमेन लावावे, रात्री झोपेच्या वेळी न लावता संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी लावावे, कारण अंथरुणावर ऐकले तर तिसऱ्या टप्प्यापर्यंत कोणी जागे राहत नाही. शेजारी एक साधी वही असावी. तीत त्या दिवशी हातून झालेल्या एका कामाची एकच ओळ लिहावी: काय केले, कोणाच्या उपयोगी पडले, आणि कोणाच्या मदतीने जमले. वर्षअखेरीस अर्ज भरायची वेळ येते तेव्हा या ओळी जशाच्या तशा रकान्यात उतरवता येतात, फक्त शेवटचा भाग कोठे लिहायचा याची जागा शासनाने ठेवलेली नाही.